अकराची भूक, पाचची भूक

टाइप टू मधुमेहाचं निदान झालं तेव्हा जेवणाचा प्रश्न तसा लवकर मार्गी लागला. घरचं ताट आपल्या हातात असतं. काय कमी वाढायचं आणि काय जास्त, हे एकदा ठरलं की रोज नव्याने डोकं चालवावं लागत नाही. माझं घोडं अडलं ते ऑफिसात. सकाळी अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाचला मला हटकून भूक लागते. नेमक्या त्याच वेळी हाताशी असतात मीटिंगमधली बिस्किटं, मशीनमधली चिप्सची पाकिटं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणि चहावर चहा. काम हिशेबाचं, म्हणजे बैठं. खुर्चीतून उठायचं निमित्तही बहुतेक वेळा खाण्याचंच.

रिपोर्टमध्ये उपाशीपोटी साखर १४८ होती आणि एचबीएवनसी ७.९ टक्के. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जे ग्लुकोज चिकटतं, ते एचबीएवनसीच्या तपासणीत मोजलं जातं. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब त्यात उतरतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात शहाण्यासारखं वागून काही हाती लागत नाही. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं, पुढे त्यात ग्लिमेपिराइडची भर पडली, आणि मला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मी यादी करून नेली होती. हे चालेल का, ते चालेल का. बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि दोन जेवणांत किती तासांचं अंतर पडतं?" मला वाटलं, या खाण्याचं सोडून औषधांत का शिरतायत? पण सगळी ग्यानबाची मेख तिथेच होती. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याच्या पातळीखाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं काम वेगळं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही खाल्लेलं असो वा नसो. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही तसंच. म्हणून अशा माणसाचं जेवण लांबलं तर मधल्या वेळी पोटात काहीतरी जायलाच हवं. ज्याला अशी गोळी नाही, त्याच्यासाठी अकराचं खाणं बऱ्याचदा नुसती सवय असते, आणि ती सवय वजनात दिसते. "शेजारच्या टेबलावर काय खातात ते बघून आपलं ठरवू नका," असं त्या म्हणाल्या. आमच्या मजल्यावर मधुमेहाचे आम्ही बरेच जण आहोत आणि प्रत्येकाकडे इतरांसाठी सल्ले तयार असतात, त्यामुळे हे वाक्य मला फार कामाला आलं.

माझं नाश्त्यापासून जेवणापर्यंतचं अंतर पाच तासांचं, आणि दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचं त्याहून मोठं. म्हणून दोन्ही खाणी ठेवायची ठरली. एका वेळी कर्बोदकं साधारण १५ ग्रॅम, त्यांच्यासोबत प्रथिनं किंवा तंतुमय काहीतरी, ही त्यांनी घालून दिलेली चौकट. त्यापुढचं मीटरला, म्हणजे बोट टोचून रक्तातली साखर मोजायच्या छोट्या यंत्राला विचारायचं. खाण्याआधी एकदा आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीटरमध्ये घालायच्या पट्ट्या काही फुकट येत नाहीत, म्हणून रोज सगळं तपासायचं नाही. एकच पदार्थ धरायचा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी खाऊन बघायचा, वहीत लिहायचं आणि पुढे जायचं. हिशेबाची सवय इथे उपयोगी पडली. वहीत रकाने आखले की मला आपोआप हुरूप येतो.

बोट टोचण्याची एक गंमत सांगते. हात पाण्याने धुवूनच टोचायचं, असं त्यांनी बजावलं होतं. कशासाठी, ते मी मुद्दाम करून बघितलं. टेबलावर संत्रं सोललं, बोटं तशीच ठेवली आणि टोचलं. मीटर म्हणालं २१३. मग वॉशबेसिनवर साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १३४. फळाचा जो अंश बोटाला राहतो तो रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि थेंब एवढासा असतो की तेवढ्यानेही आकडा उडी मारतो. नुसतं सॅनिटायझर चोळून ही साखर निघत नाही, पाणीच लागतं. शिवाय घरगुती मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो, त्यामुळे १५० आणि १६० यांवरून पदार्थांची भांडणं लावण्यात अर्थ नसतो. मला फरक शोधायचा होता तो ठळक. आणखी एक बारीक गोष्ट. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही, नाहीतर दिवसभर कीबोर्डवर प्रत्येक अक्षर दुखतं.

पहिला नंबर सफरचंदाचा, कारण 'काही झालं तरी फळच आहे' असं सगळेच म्हणतात. मध्यम आकाराच्या सफरचंदात कर्बोदकं सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा बरीच जास्त. अख्खं एकटं खाल्लं तर माझी साखर दोन तासांनीही पन्नासेकने वर राहायची. अर्धं सफरचंद आणि मुठीत मावतील एवढे शेंगदाणे खाल्ले की वाढ निम्म्यावर यायची. ही माझ्या शरीराची गोष्ट, तुमची वेगळी असेल. पण कारण सरळ आहे. कर्बोदकंच कमी झाली, आणि शेंगदाण्यातल्या चरबी-प्रथिनांमुळे पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे साखर रक्तात सावकाश जाते. मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम. म्हणून केळं आलं की मी अर्धं घेते आणि उरलेलं अर्धं घ्यायला कोणीतरी लागतं. आमच्या ऑफिसात एक धडधाकट तरुण मुलगा आहे, त्याला आता सवय झाली आहे.

फळांच्या रसाने मात्र मला चकवलं असतं. दोन तासांनंतरचा आकडा बघितला तर फार वाईट नव्हता. बाई म्हणाल्या, एक तासाने बघा. बघितलं तर एक तासाने आकडा कितीतरी वर. रसात तंतू जवळजवळ नसतात, चावायचं काही नसतं, त्यामुळे साखर झपाट्याने चढते आणि दोन तासांनी मोजायला जावं तोवर उतरणीला लागलेली असते. तेव्हापासून द्रव पदार्थ एक तासाने तपासायचे, असा मी माझ्यापुरता नियम केला. अख्खं संत्रं चालतं, रस नाही.

याच सुमारास कोणीतरी मला ग्लायसेमिक इंडेक्सचा तक्ता पाठवला. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. शुद्ध ग्लुकोज १०० धरायचं आणि बाकी पदार्थ साखर किती चढवतात ते त्याच्या तुलनेत मोजायचं. तक्ता उपयोगी आहे, पण त्यात एक गोम आहे. मोजताना त्या पदार्थाचा एवढा वाटा देतात, की त्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळावीत. कलिंगड काही तक्त्यांत ७० च्या वर दिसतं, म्हणून लोक ते टाळतात. पण १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदकं आठ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम गाठायला सहा-साडेसहाशे ग्रॅम फोडी खाव्या लागतील, आणि ऑफिसात तेवढं कलिंगड कोण खातं? मी छोटी वाटीभर खाते आणि मीटर तक्रार करत नाही.

सुकामेवा हा दुसऱ्या टोकाचा प्रकार. बदामाने माझी साखर जवळजवळ हललीच नाही. मूठभर, म्हणजे २८-३० ग्रॅम बदामांत कर्बोदकं सहा ग्रॅम, त्यातलेही निम्म्याहून जास्त तंतू. मीटर खूश, म्हणून मी पाकीटच टेबलावर ठेवलं. पण त्याच मूठभर बदामांत १७० च्या आसपास कॅलरी असतात, आणि ताळेबंद जुळवता जुळवता हात पाकिटात किती वेळा जातो, हे डोक्याला कळतच नाही. वजनकाट्याला कळतं. आता घरूनच छोट्या झाकणाच्या डबीत मोजून भरते. डबी संपली की खाणं संपलं.

उकडलेलं अंडं कागदावर सर्वांत उत्तम. कर्बोदकं नाममात्र, प्रथिनं सहा ग्रॅम, पोट भरल्यासारखं वाटतं. पण बंद काचांच्या एसी खोलीत अंड्याचा डबा उघडून बघा! पहिल्याच दिवशी तीन टेबलांवरून माना वळल्या. अंडं म्हणून फक्त पॅन्ट्रीत, खिडकीशी उभं राहून खायचं. आहाराच्या कुठल्याच तक्त्यात शेजाऱ्यांच्या नाकाचा रकाना नसतो. उकडलेले छोले किंवा भाजलेले हरभरे त्या मानाने निरुपद्रवी. त्यांत कर्बोदकं आहेत, पण सोबत तंतू आणि प्रथिनंही आहेत, आणि चावायला वेळ लागतो. भाजलेल्या हरभऱ्यांचा आवाज मात्र होतो. फोनवर बोलायचं असेल तर काकडी-गाजराच्या फोडीही नकोत.

साधं दही माझ्या पाचच्या भुकेला चांगलं लागू पडलं. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं चार-पाच ग्रॅम. फळाचं चित्र असलेला तयार कप घेतला तर त्याच वजनात बारा-पंधरा ग्रॅम सहज निघतात. फ्रीज सगळ्यांचा असल्यामुळे डब्यावर नाव लिहून ठेवते. तरी अधूनमधून गायब होतं. दह्याला मधुमेही-बिगरमधुमेही असा भेद नसतो.

आता पाकिटांविषयी, कारण माझा सर्वांत जास्त वेळ त्यांत गेला. निदान कळल्यावर एका हितचिंतकाने 'शुगर फ्री' बिस्किटांचा डबा आणून दिला. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि मोठी अक्षरं. मागची बाजू वाचायला मला फोनच्या कॅमेऱ्याने झूम करावं लागलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिलंच नाव मैद्याचं. पुढे तेल, मग माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, आणखी खाली माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड. शेजारच्या चौकटीत 'साखर' या ओळीपुढे शून्य आणि तिच्या वरच्याच ओळीत एकूण कर्बोदकं १०० ग्रॅममागे ६७ ग्रॅम. मैद्यातल्या स्टार्चचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, आणि पाकिटावर त्याला साखर म्हणत नाहीत एवढ्याने आपल्या रक्ताला काही फरक पडत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन तर ग्लुकोजसारखंच चटकन चढतं. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी चढवतं, पण चढवतं, आणि जास्त झालं तर पोट फुगवतं. तरीही मी इमाने-इतबारे तपासलं. चार बिस्किटांनी साखर साध्या बिस्किटांइतकीच वर नेली. फरक मीटरच्या चुकीत मावेल एवढा.

पाकिटावरच्या 'एका वाट्याचे' आकडे मी तेव्हापासून बघत नाही. वाटा दोन बिस्किटांचा धरलेला असतो, आणि दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आधी १०० ग्रॅमचा रकाना, त्यात एकूण कर्बोदकं आणि तंतू, मग घटकांची पहिली तीन नावं. एवढ्यात निकाल लागतो. ओट्स-खजूर-मध घातलेले 'नैसर्गिक' बार याच चाळणीत अडकले. मधमाशीने केली म्हणून साखर वेगळी वागत नाही.

चहाचं गणित मी बरेच दिवस टाळत होते. एक चमचा साखर म्हणजे चार ग्रॅम. कपात दोन चमचे, दिवसात चार कप, म्हणजे ३२ ग्रॅम नुसती चहातून, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली आणि मध-रसातली साखर मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्के जमलं तर उत्तम. ५ टक्के म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅम. माझ्या चहानेच ती मर्यादा ओलांडली होती. साखर एकदम बंद केली असती तर मी घरी-दारी भांडत सुटले असते. म्हणून आधी दीड चमचा, काही आठवड्यांनी एक, मग अर्धा, असं उतरत आले. आता बिनसाखरेचा पिते. गोडव्याच्या गोळ्याही मध्यंतरी वापरल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नका म्हटलं, तेव्हा ती बातमी मला सगळ्यांनी पाठवली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, हे त्या शिफारशीतच लिहिलंय, पण तिथवर वाचतो कोण?

एक दुपार वेगळी लिहायला हवी. मीटिंग लांबत गेली, जेवणाची वेळ टळून बराच वेळ झाला, आणि अकराचं खाणंही त्या गडबडीत राहिलेलं. समोरच्या पडद्यावरचे आकडे दिसत होते पण बेरीज होईना. हात थरथरायला लागले, मानेला घाम, आणि बोलणाऱ्या माणसाचा विनाकारण राग. बाहेर येऊन टोचलं तर ६२. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. शेजारणीने प्रेमाने चॉकलेट पुढे केलं. पण चॉकलेटमधली चरबी साखरेला उशीर लावते, आणि त्या वेळी उशीर परवडत नाही. ड्रॉवरमध्ये ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, चार-चार ग्रॅमच्या. चार गोळ्या चघळल्या, १५ मिनिटं गप्प बसले, पुन्हा टोचलं, ८४. मग जेवले. बदाम, दही, छोले वगैरे संथ पदार्थांचे मी इतके गोडवे गायले, पण अशा वेळी त्यांचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा चटकन चढणारंच लागतं. त्या गोळ्या खाऊच्या कप्प्यात ठेवत नाही. वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी, आणि डबी कुठे आहे ते शेजारच्या दोघींना माहीत आहे.

वाढदिवसाच्या केकचा उपाय अजून सापडलेला नाही. 'एवढ्याशा तुकड्याने काय होतंय' हे वाक्य महिन्यातून अनेकदा ऐकू येतं, आणि नाही म्हटलं की चर्चा माझ्या आजारावर घसरते, ज्याचा त्या दिवशी वाढदिवस आहे तो बाजूलाच राहतो. मी कागदी बशीत तुकडा घेते, 'जेवणानंतर खाते' म्हणते आणि टेबलावर नेते. कधी खरंच जेवणानंतर दोन घास खाते, त्या जेवणातलं काहीतरी कमी करून, आणि मग जिन्याने खाली-वर दहा-पंधरा मिनिटं चालून येते. चालताना स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, हे मीटरवर मला इतक्या वेळा दिसलंय की आता कुणी पटवून द्यावं लागत नाही. कधी तो तुकडा माझं अर्धं केळं घेणाऱ्या त्या मुलाकडे जातो.

वजन थोडं उतरलं, एचबीएवनसी ६.८ वर आलं आणि डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं. म्हणजे माझ्या अकराच्या खाण्यामागचं वैद्यकीय कारणच गेलं. बाईंनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं त्याची आता परीक्षा होती. भूक मात्र ठरल्या वेळी यायचीच. पहिल्यांदा कठीण गेलं. मग लक्षात आलं की नाश्त्यात प्रथिनं वाढवली तर अकराची हाक बरीच क्षीण होते, आणि बिनसाखरेचा चहा घेऊन जिन्यापर्यंत फेरी मारली की ती टळते. ज्या दिवशी खरंच पोटात कावळे ओरडतात त्या दिवशी काकडी खाते. पाचचं खाणं मात्र सोडलेलं नाही. ते सोडलं की रात्री घरी पोचल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्यानेच अर्धं जेवण संपवते, आणि सकाळची उपाशीपोटीची साखर त्याची साक्ष देते.

महिनाअखेरीचे दिवस मात्र अजून माझ्या वहीत बसत नाहीत. हिशेब बंद करायचे असतात, रात्रीचे दहा वाजतात, आणि पाचच्या दह्याने तिथवर निभत नाही. सध्या तरी त्या दिवसांत घरून दोन डबे नेते. रात्रीच्या जेवणाचा निम्मा भाग सातला टेबलावरच जेवते, निम्मा घरी गेल्यावर. मीटरला हे बऱ्यापैकी मानवतंय. साहेबांना सातला जेवणारी बाई बघायची अजून सवय व्हायचीय.